एक पलटण, तीन गरुड: ऐतिहासिक मिनिएचर वॉरगेमिंगच्या पहिल्या संचाचे परीक्षण

इतिहासात खरोखर झालेल्या लढाया लहान, रंगवलेले शिपाई, ठरलेले नियम आणि फासे यांच्या साह्याने टेबलावर लढायच्या, असा ऐतिहासिक मिनिएचर वॉरगेमिंगचा छंद आहे. तो सुरू करायचा म्हटले की कालखंड कोणता घ्यावा, पुतळे किती उंचीचे असावेत, किती लागतील, नियम कोणते पाळावेत असे प्रश्न एकदमच समोर येतात आणि पुष्कळ जण तिथेच अडतात. त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंचे सैन्य, थोडे रंग, फासे आणि नियमपुस्तिका एकाच खोक्यात देणारे संच निघतात. असाच नेपोलियनच्या काळातला, २८ मिलिमीटर उंचीच्या पुतळ्यांचा एक संच मी गेल्या चार महिन्यांत जोडला, रंगवला आणि दादाबरोबर त्यावर सात लढाया खेळले. हे परीक्षण त्या अनुभवावर बेतलेले आहे. या धर्तीचे संच अनेक कंपन्या काढतात आणि त्यांचे गुणदोषही पुष्कळसे सारखे असतात, म्हणून निर्मात्याचे नाव देण्याऐवजी खोक्यात काय असावे आणि काय तपासून घ्यावे यावर मी भर देणार आहे.

कालखंडाची निवड माझ्यापुरती सोपी होती. ज्या आर्थर वेलस्लीने १८०३ मध्ये असईची लढाई जिंकली, तोच पुढे वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूला उभा राहिला, हे शाळेपासून ठाऊक होते आणि त्याचे सैन्य प्रत्यक्षात कसे लढत असे याची उत्सुकता होती. शिवाय १८ जून १८१५ च्या त्या लढाईवर इतके लिहिले गेले आहे की कोणत्या पलटणीच्या कॉलरचा रंग कोणता, इतका बारीक तपशीलही नवशिक्याला सहज सापडतो. ज्या काळाविषयी वाचायला आवडते तोच काळ टेबलावर घ्यावा, असे मी कोणालाही सांगेन, कारण रंगकामाचे तास फार असतात आणि त्या तासांना वाचनाचीच सोबत असते.

खोक्यात कडक प्लास्टिकचे ३६ फ्रेंच आणि ३० ब्रिटिश पायदळ शिपाई, दोन्ही बाजूंना एकेक तोफ आणि तिचे चार-चार गोलंदाज, पुतळे उभे करण्याचे चौकोनी तळ, सहा रंगांच्या बाटल्या, एक ब्रश, कागदी निशाणे, दहा फासे आणि ३२ पानांची पुस्तिका एवढे साहित्य आहे. शिपाई सुटे नसतात. ते प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात, तिला स्प्रू म्हणतात. धड आणि पाय एकसंध असून डोके, हात, पाठीवरची पिशवी आणि संगीन वेगळी चिकटवावी लागते. फ्रेंचांच्या तीन चौकटी आहेत आणि प्रत्येकीत बारा शिपाई आहेत.

३६ हा आकडा पाहून मला वाटले होते की खोके भरण्यासाठी तो कोणीतरी सहज ठरवला असावा. पण १८ फेब्रुवारी १८०८ च्या हुकुमाने फ्रेंच पलटणीची, म्हणजे बटालियनची, रचना बदलली आणि प्रत्येक पलटणीत सहा कंपन्या, म्हणजे तुकड्या, आल्या: एक ग्रेनेडियर (निवडक शिपायांची), एक व्होल्टिजर (चपळ, पुढे पसरून लढणाऱ्यांची) आणि चार फ्युझिलियर (साध्या पायदळाच्या). प्रत्येक कंपनीत १४० माणसे, म्हणजे कागदावर ८४० जणांची पलटण. खोक्यातल्या चौकटीत नेमके दोन ग्रेनेडियर, दोन व्होल्टिजर आणि आठ फ्युझिलियर आहेत. तीन चौकटी एकत्र केल्या की सहा शिपायांची एक अशा सहा कंपन्या तयार होतात आणि एक शिपाई सुमारे २३ माणसांच्या जागी उभा राहतो. ब्रिटिश पलटणीत दहा कंपन्या असत, तिथे ३० शिपाई म्हणजे कंपनीमागे तीन. ज्याने या चौकटी आखल्या त्याने इतिहास नीट वाचलेला आहे, यात मला शंका नाही.

म्हणूनच पुस्तिका उघडल्यावर झालेली निराशा मोठी होती. ती या ३६ जणांना बारा-बारांच्या तीन स्वतंत्र पलटणी करून मांडायला सांगते आणि प्रत्येक पलटणीला एक गरुडध्वज, म्हणजे काठीच्या टोकावर गरुड असलेले निशाण, देते, कारण प्रत्येक चौकटीत निशाणधारी एक आहे. १८०४ मध्ये नेपोलियनने गरुड वाटले तेव्हा ते पलटणीमागे एक असेच होते, हे खरे. पण १८०८ नंतर अनेक पलटणींच्या मिळून बनलेल्या संपूर्ण रेजिमेंटला एकच गरुड राहिला आणि तो पहिल्या पलटणीकडे असे. बाकीच्या पलटणींकडे साधी एकरंगी निशाणे असत: दुसरीचे पांढरे, तिसरीचे लाल, चौथीचे निळे. याच खोक्यातल्या शिपायांचे गणवेश १८१२ नंतरचे आहेत, म्हणजे शेजारी-शेजारी तीन गरुड हे दृश्य या गणवेशात दिसूच शकत नाही. ही चूक बारीक आहे असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे की ज्या छंदाच्या नावातच ऐतिहासिक हा शब्द आहे, त्याच्या पहिल्या पुस्तिकेत अर्ध्या पानाची ही माहिती असायला हवी होती. नवशिक्याला ती स्वतःहून शोधता येत नाही, कारण काय शोधायचे हेच त्याला ठाऊक नसते.

पुस्तिकेतली पहिली लढाईही अशीच आहे. ती स्पेनमधल्या, १६ मे १८११ च्या अल्बुएराच्या लढाईवर बेतलेली आहे. लढाई निवडली आहे ती उत्तम. पण ब्रिटिश शिपायांच्या डोक्यावर समोरची बाजू उंच असलेला जो शाको (उंच लष्करी टोपी) आहे तो १८१२ च्या नियमावलीतला आहे, आणि फ्रेंचांचा कमरेपर्यंत बंद होणारा आखूड कोटही १८१२ च्याच हुकुमातला आहे. अल्बुएराचे ब्रिटिश सरळ नळकांड्यासारखा शाको घालून लढले. एक वर्षाचा फरक टेबलावर कोणाला दिसणार, असे दादाने विचारले, आणि त्याचे म्हणणे खेळापुरते बरोबर आहे. मी ते शिपाई वॉटर्लूसाठीच रंगवले आणि ती पहिली लढाई आम्ही बाजूला ठेवली.

आता जोडणीविषयी. खोक्यात गोंद नाही, हे बाहेर ठळकपणे लिहायला हवे होते. कडक प्लास्टिकसाठी प्लास्टिक सिमेंट वापरावे. ते दोन्ही पृष्ठभाग किंचित वितळवून एकजीव करते आणि वाळल्यावर हात निखळत नाही. सुपरग्लू धातूच्या आणि रेझिनच्या पुतळ्यांसाठी ठीक आहे. प्लास्टिकवर त्याचा सांधा ठिसूळ राहतो. शिपाई चौकटीतून ओढून काढू नयेत, कटरने कापावेत. माझ्या दोन संगिनी पहिल्याच दिवशी मोडल्या, कारण मी कटर संगिनीच्या टोकाशी लावला. आधी चौकटीचा जाड भाग कापून मग बारीक भागाकडे आले असते तर त्या वाचल्या असत्या. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे पुतळ्यावर एक बारीक उंचवटा राहतो. तो पात्याच्या पाठीने खरवडून काढावा लागतो, विशेषतः शाकोच्या माथ्यावरचा, कारण रंग दिल्यावर तो आधीपेक्षा जास्त उठून दिसतो. पुतळ्यांचे कोरीव काम मात्र फार सुंदर आहे. एका फ्रेंच शिपायाच्या काडतुसांच्या पेटीखाली गुंडाळून बांधलेली छोटी टोपी आहे, तिच्या सुरकुत्यासुद्धा स्पष्ट आहेत.

रंगांची निवड हा या संचाचा सर्वांत कच्चा भाग आहे. निळा, लाल, पांढरा, काळा, त्वचेचा आणि चंदेरी असे सहाच रंग दिले आहेत. तपकिरी नाही. बंदुकीचा दस्ता लाकडी, फ्रेंचांची पाठीवरची पिशवी केसाळ कातड्याची, माणसांचे केस, तोफगाड्याजवळची माती, या सगळ्याला तपकिरी लागतो, आणि लाल-काळा मिसळून येतो तो रंग मळकट जांभळट दिसतो. राखाडीही नाही, ब्रिटिशांच्या विजारी राखाडी असत. हे दोन रंग वेगळे घ्यावेच लागतात. प्रायमरही, म्हणजे रंगाआधी द्यायचा थरही, वेगळा घ्यावा लागतो, कारण त्याच्याशिवाय अॅक्रिलिक रंग गुळगुळीत प्लास्टिकवर धरत नाही आणि खेळताना बोटांनी निघून येतो.

निळ्याबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. फ्रेंच कोटाचा खरा निळा अतिशय गडद होता. बाटलीतला निळा तसाच गडद आहे, आणि मी पहिले सहा शिपाई त्याच रंगात मन लावून रंगवले. टेबलावर ठेवून दोन पावले मागे सरले तर ते सहाही जण काळे दिसत होते. लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद भासतो, म्हणून खऱ्यापेक्षा एक-दोन छटा उजळ रंग द्यावा लागतो. पुढच्या शिपायांना मी निळ्यात थोडा पांढरा मिसळला, वाळल्यावर पातळ काळसर वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, दिला, तो घड्यांमध्ये जाऊन बसला आणि वरच्या कडांवर पुन्हा उजळ निळ्याची हलकी रेघ ओढली. आता तेच कोट निळे दिसतात. ते पहिले सहा मी पुन्हा रंगवले नाहीत. ते ग्रेनेडियर आहेत आणि त्यांच्या लाल झुपकेदार खांद्यांमुळे चालून जातात.

एकेक शिपाई पूर्ण करण्यापेक्षा सहा-सहांचा गट घेऊन आधी सगळ्यांचे कोट, मग सगळ्यांच्या विजारी, मग पट्टे असे काम केले तर हात बसतो. मला एका गटाला साधारण पाच संध्याकाळी लागल्या. छातीवरचे पांढरे पट्टे हे सर्वांत चिकाटीचे काम आहे: आधी पट्ट्याच्या जागी काळी रेघ आणि मग तिच्या आत बारीक पांढरी, म्हणजे दोन्ही कडांना आपोआप सावली उरते. शाकोवरच्या गोंड्यांचा आनंद मात्र वेगळाच आहे. फ्युझिलियरांच्या चार कंपन्यांचे गोंडे ठरलेल्या रंगांचे असत: पहिलीचा गडद हिरवा, दुसरीचा आकाशी, तिसरीचा नारिंगी, चौथीचा जांभळा. तांदळाच्या दाण्याहून लहान असलेल्या त्या ठिपक्याला रंग लावला, की समोरचा शिपाई कोणत्या कंपनीचा आणि रांगेत कुठे उभा राहणार हे ठरते. पुस्तिकेतल्या चित्रात सगळ्यांचे गोंडे लाल आहेत.

ब्रिटिशांच्या बाबतीत अशी निवड कॉलर आणि बाह्यांच्या कडांची असते. कोट सगळ्यांचे लाल, पण कडांचा रंग रेजिमेंटनुसार बदलतो: ३० व्या रेजिमेंटचा फिकट पिवळा, ६९ व्या रेजिमेंटचा हिरवा. पलटणीला दोन निशाणे असतात, एक राजाचे आणि एक रेजिमेंटचे, आणि रेजिमेंटच्या निशाणाची पार्श्वभूमी बहुधा याच कडांच्या रंगाची असते. मी ६९ वी निवडली. तिचे कारण पुढे येईल.

नियमांकडे वळण्याआधी मापांविषयी एक खुलासा करायला हवा, कारण तो पुस्तिकेत नाही आणि त्यावाचून दादा पहिल्या लढाईतच वैतागला होता. १४० जणांची फ्रेंच कंपनी तीन ओळींत उभी राहिली तर तिची रुंदी साधारण २६ मीटर भरते. आमच्या सहा शिपायांचा तळ ६० मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे जमिनीचे प्रमाण सुमारे १:४३० झाले, तर पुतळ्याच्या उंचीचे प्रमाण १:६० च्या आसपास आहे. एकाच टेबलावर ही दोन प्रमाणे एकत्र नांदतात, आणि म्हणूनच प्लास्टिकचे एक घर पलटणीएवढे दिसते. १०० मीटरवरचा बंदुकीचा मारा या हिशेबाने सुमारे नऊ इंचांचा होतो. पुस्तिका बारा इंच देते, ते ठीकच आहे. तोफेचा मारा मात्र प्रमाणात धरला तर टेबलाबाहेर जाईल, म्हणून तो ३६ इंचांवर आखडता घेतला आहे. ही तडजोड सगळेच नियम कमी-अधिक करतात. ती का केली हे एकदा समजले की मग खटकत नाही.

नियम स्वतः चांगले आहेत. फासे टाकून माऱ्याचा परिणाम ठरवण्याची पद्धत प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी १८२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युद्धखेळापासून चालत आली आहे, आणि १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी घरगुती खेळासाठी जे नियम मांडले त्यांत स्प्रिंगच्या तोफेने खरोखर नेम धरून शिपाई पाडायचे होते. मला फाशांची पद्धत अधिक योग्य वाटते, कारण सेनापतीला नेम धरायचा नसतो. आपली आज्ञा किती वेळात आणि किती प्रमाणात पाळली जाईल याचा अंदाज घ्यायचा असतो. या पुस्तिकेत प्रत्येक फेरीला आज्ञेसाठी एक फासा टाकावा लागतो आणि फेरीला हव्या तितक्या हालचाली कधीच मिळत नाहीत. एवढ्या एका नियमाने खेळाला लढाईची चव येते.

आम्ही तीन पलटणींची कल्पना सोडून पुस्तिकेचेच नियम एकेका पलटणीला लावले. १२० सेंटिमीटरच्या चौरस टेबलावर ते छान बसते. पहिल्या लढाईत दादाने आपली पलटण हल्ल्याच्या स्तंभात मांडली: रुंदीला दोन कंपन्या, खोलीला तीन जोड्या, जशी फ्रेंच पलटण खरोखर चालून येत असे. समोर माझे ब्रिटिश दोन ओळींत, सगळे तळ शेजारी-शेजारी. त्याच्या स्तंभाची रुंदी १२० मिलिमीटर आणि माझ्या रांगेची ३००. तो बारा इंचांच्या आत आला तेव्हा त्याच्याकडून दोन तळांचे फासे पडत होते आणि माझ्याकडून पाच तळांचे. दोन फेऱ्यांत त्याचा स्तंभ थबकला आणि मी संगिनी लावून पुढे गेले.

दादा रागावला नाही. तो तळ न उचलता खुर्चीत मागे रेलला आणि बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, "हे असं होणार हे त्यांना कळत नव्हतं का?" त्यांना कळत होते. स्तंभ हा वेगाने आणि शिस्त न मोडता जवळ येण्यासाठी होता; शत्रूपाशी पोचण्याआधी पसरून रांग करायची असा फ्रेंच सेनानींचा बहुधा बेत असे, आणि टेकडीआड दडलेली ब्रिटिश रांग दिसेपर्यंत तो वेळ निघून गेलेला असे. दुसऱ्या लढाईत दादाने १८ इंचांवरच थांबून रांग धरली, त्यात एक संपूर्ण फेरी घालवली, त्या फेरीत माझ्या तोफेचा मार सोसला आणि तरीही ती लढाई जिंकला. वाचून जे मला तीनदा समजावून घ्यावे लागले होते ते त्याला दोन डावांत समजले. या संचाला मी चांगला म्हणते ते यासाठी.

चौकोनाच्या नियमाला पुस्तिकेने दोन पाने दिली आहेत. घोडदळ आले की पायदळाने चारी बाजूंना संगिनी रोखून पोकळ चौकोन करायचा, आणि तो केला की तोफेला मोठे, स्थिर लक्ष्य मिळते, हा पेच नेपोलियनच्या काळातल्या लढाईचा गाभा आहे. वॉटर्लूच्या दोन दिवस आधी, १६ जून १८१५ ला, कात्र ब्राच्या लढाईत ६९ वी रेजिमेंट रांगेत असतानाच फ्रेंच चिलखती घोडेस्वारांच्या तावडीत सापडली आणि तिचे राजाचे निशाण गेले. तिला चौकोनातून पुन्हा रांगेत यायला वेलिंग्टनच्या हाताखाली लढणाऱ्या ऑरेंजच्या राजपुत्राने सांगितले होते. तो प्रसंग वाचूनच मी ती रेजिमेंट रंगवायला घेतली. पण या खोक्यात एकही घोडेस्वार नाही. दोन पाने नियम शिकवायचे आणि तो वापरायची वेळच येऊ द्यायची नाही, हे बरोबर नाही. एका बाजूला दहा शिपाई कमी देऊन सहा घोडेस्वार दिले असते तर कंपन्यांचा हिशेब बिघडला असता, हे मला मान्य आहे. पण मग संच थोडा मोठा करायला हवा होता.

खेळायला सुरुवात करण्यापूर्वी सगळे ६६ शिपाई रंगवून व्हायला हवेत असे पुस्तिका सुचवते. तसे करू नये. आम्ही पहिली लढाई खेळलो तेव्हा माझे निम्मे ब्रिटिश नुसते प्रायमर दिलेले, राखाडी होते आणि त्याने काहीही बिघडले नाही. उलट, कोणता तळ आधी रंगवायचा हे लढाईनेच ठरवले. रंगवून झालेल्या शिपायांवर मॅट वॉर्निशचा हात मात्र लगेच द्यावा, कारण खेळताना पुतळे शाकोला धरूनच उचलले जातात आणि रंग आधी तिथूनच जातो. पुतळ्यांऐवजी तळ धरून उचलण्याची सवय लावून घेतली तर उत्तमच.

जागा कमी असेल किंवा रंगकामाचा धीर नसेल तर हा संच घेऊ नये. १५ मिलिमीटरचे पुतळे आणि प्राचीन काळातल्या सैन्यांसाठी बाराच तळांचे सैन्य मागणारे १९९० चे डीबीए नियम यांच्यावर आठ-दहा संध्याकाळींत दोन्ही सैन्ये उभी राहतात आणि लढाई तासाभरात संपते. पण जवळून पाहावेसे वाटणारे शिपाई हवे असतील, तर २८ मिलिमीटरला पर्याय नाही आणि या संचातले शिपाई त्या मापातही सरस आहेत. पुतळ्यांना मी पाचपैकी पाच गुण देईन, नियमांना चार, रंगांना दोन आणि पुस्तिकेतल्या ऐतिहासिक माहितीला एक.

घेणाऱ्याने तपकिरी आणि राखाडी रंग, प्लास्टिक सिमेंट, कटर आणि प्रायमर सोबतच घ्यावेत. पलटण एकच करावी. उरलेल्या दोन गरुडांचे काय करायचे ते मी असे सोडवले: दोन्ही काठ्यांवरचे गरुड कापून काढले, एका काठीला पांढरे आणि दुसरीला लाल निशाण चिकटवले, आणि त्या दोन निशाणधाऱ्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या पलटणीसाठी वेगळे ठेवले आहे. त्यांच्यासाठी फ्रेंचांच्या आणखी सहा चौकटी लागतील. त्याआधी सहा चिलखती घोडेस्वार मागवले आहेत.